दोनदा उसवलेली शिवण

आमचे भाऊजी शिंपी. त्यांच्याच दुकानात मी इस्त्री करतो. भाऊजींच्या हाताला सफाई अशी, की गिऱ्हाईक आरशात स्वतःवरच खूश होतं. तब्येतीच्या बाबतीत मात्र माणूस पक्का चालढकल्या.

एका दुपारी ताईने त्यांची पँट इस्त्रीला पाठवली. उलटी केली तर आसनाची, म्हणजे दोन पायांच्या जोडाची, शिवण उसवून कापड सोडलेलं. जुन्या टाक्यांच्या दोन रेघा दिसत होत्या. पोट सुटलं तर कंबर सैल करतात, हे कसलं सैल करणं?

विचारलं तर म्हणाले, "खाली एका बाजूला गोटीएवढी गाठ लागते हाताला. दुखत नाही, काही नाही. पँट काचायची, सैल केली. पुन्हा काचायला लागली, पुन्हा केली. झालं काम."

माझं डोकंच फिरलं. चाळिशीही न गाठलेला माणूस, गाठ अंडकोषात आणि इलाज शिलाई मशीनवर! मी इस्त्री बंद केली आणि त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात ओढतच नेलं.

डॉक्टर निघाल्या बाई. भाऊजी म्हणाले, "खोकला आहे."

"खोटं बोलतायत!" मी ओरडलो. "खाली गाठ आहे यांना!" बाहेरच्या बाकावरही ऐकू गेलं असणार.

भाऊजींनी मला डोळ्यांनीच खाल्लं. डॉक्टरांनी उठून दार लावलं.

"काम काय करता?"

"शिंपी आहे."

"माप घेताना गिऱ्हाईक लाजलं तर?"

"लाजायचं काय त्यात? माझं रोजचंच काम."

"माझंही," म्हणत त्यांनी पडदा ओढला.

तपासून झाल्यावर म्हणाल्या, "दुखत नाही म्हणूनच लोक अशी गाठ अंगावर काढतात. सोनोग्राफी आजच करा."

कॅन्सर निघाला. ताई रडली, मीही रडलो. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून तो अंडकोष काढला. आजार पसरला नव्हता. पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसरी बाजू महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, बोटांनी हलकेच चाचपायलाही शिकवलं.

दुकानात परतल्यावर भाऊजींनी आधी तीच पँट मशीनवर घेतली. सोडलेलं कापड आत घेऊन पहिल्या रेघेवरून टीप मारली आणि पँट माझ्यापुढे टाकली.

"कर इस्त्री. आणि पुन्हा दवाखान्यात ओरडलास तर बघ."

"ओरडणार," मी म्हणालो.