पाहुणीला आत ओढायचं नाही

पकड करण्यात माझा हात धरणारी आख्ख्या तालुक्यात कुणी नव्हती, हे मी आजही छातीठोक सांगते. हरसूलकडच्या आमच्या कबड्डी संघात मी डावा कोपरा सांभाळायचे. चढाईला आलेलीचा घोटा एकदा हातात आला की विषय संपला. पण एकेकीची लग्नं झाली, संघ मोडला आणि मी अंबडच्या कंपनीत मशीनवर उभी राहिले. मग शिफ्टमधल्या मैत्रिणीने एका रविवारी मला अमेरिकन फुटबॉलच्या सरावाला नेलं. चेंडू काखेत मारून पळणारीला आडवं करायचं, एवढंच माझं काम. म्हटलं, हे तर आपल्या घरचंच!

पहिल्याच सरावात पळत आलेलीवर मी झेप घेतली, घट्ट धरलं आणि सवयीने मागे ओढलं. ती धपकन आडवी. मी ऐटीत उठले, तर सगळ्या खो खो हसतायत. फक्कीची रेघ माझ्या पाठीमागे होती. तिला ती ओलांडायची होती आणि मीच तिला ओढून रेघेच्या आत आणून ठेवलं होतं.

"अगं बाई," आमच्या कोच ताई म्हणाल्या, "कबड्डीत आलेल्या पाहुणीला परत जाऊ द्यायचं नसतं. इथे तिला येऊच द्यायचं नाही. ओढू नकोस, रेट. आणि मुंडी खाली घालून घुसू नकोस, मान मोडेल."

मला पकड शिकवणार? असला राग आला! पण ताईंचं खरं होतं. डोळे वर, डोकं बाजूला, खांदा तिच्या मांडीवर, दोन्ही हातांची कवळ आणि पाय चालूच ठेवायचे. डोक्याला लगेच कळलं, हातांना कळेना. दर दोन पकडींनंतर तिसरीला मी ओढायचेच.

सामन्याच्या सकाळी ताईंनी सांगून टाकलं, "आज ओढलंस तर पुढच्या रविवारपासून बाकावर." हाही खेळ गेला असता तर माझ्याकडे नुसती ड्युटी उरली असती.

शेवटचा डाव. आम्ही थोडक्या गुणांनी पुढे, आणि समोरच्या संघातल्या पोरी आमच्या रेघेपासून दोन पावलांवर. त्यांची सगळ्यात दणकट पोरगी चेंडू घेऊन थेट माझ्यावरच आली. माझा हात आपसूक तिच्या घोट्याकडे निघाला. मेल्या, गप! मी डोळे वर ठेवले, खांदा घातला, कवळ आवळली. सगळं अंग म्हणत होतं, ओढ. मी पाय चालू ठेवून रेटत राहिले. एक पाऊल, दुसरं, आणि ती उताणी पडली, मी तिच्यावर. शिट्टी वाजली.

"सोड की आता, जिंकलात तुम्ही," ती खालून म्हणाली.

मी सोडलं नाही. आधी मान वळवून मागे पाहिलं. फक्कीची रेघ जशीच्या तशी होती.