दिल्लीतला कोल्हापूरचा सूर्यास्त

गुळाचे अडते बापूसो मगदूम म्हणजे कागदाचा माणूस. मार्केट यार्डात पाऊस सुरू झाला तरी आधी पेपरात काय छापलंय ते बघतील, मग छत्री उघडतील. दुकान मुलाच्या हवाली करून जानेवारीत ते बायकोला दिल्ली दाखवायला निघाले, तेव्हाही सगळं टिपून घेतलेलं. गाड्यांच्या वेळा, मुक्काम, आणि घरातल्या जैन कॅलेंडरवरून रोजचा सूर्यास्त.

सूर्यास्त कशाला, तर राजमतीचा नेम. लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षं दिवस मावळल्यावर तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. बापूसोंचं तसं नव्हतं. रात्री मिसळीचा वास आला की त्यांचा धर्म जरा पातळ व्हायचा. पण बायकोच्या नेमाला ते फार जपत. त्यात अलीकडे तिला मधुमेह जडला होता. एकदा कुंभोजच्या डोंगरावर गोळी घेऊन जेवायला उशीर झाला, तर भोवळ येऊन ती पायरीवरच पडली होती.

लाल किल्ल्याच्या दारातच तिचे गुडघे बोलायला लागले. "मी हितंच बाकावर बसतो. तुम्ही या बघून," ती म्हणाली.

पाच वाजले होते. बापूसोंनी खिशातला कागद काढला. "सव्वासहाला दिवस मावळतोय. तू गोळी घे, मी पाऊण तासात आलोच. मग निवांत जेवू." दशम्यांची पिशवी आणि तिचा मोबाईल त्यांच्याच खांद्याला राहिला.

बादशहाचे महाल बघून ते बाहेर पडले तर अंधारून आलेलं. घड्याळात पावणेसहा. ढग आलं वाटतं, असं पुटपुटत त्यांनी वर पाहिलं. ढग कुठला! रस्त्यावरचे दिवे लागत होते. मग त्यांच्या लक्षात आलं. कॅलेंडर कोल्हापूरचं, आणि आपण उभे दिल्लीत. इथला सूर्य मावळून मोकळा झाला होता.

ते धावत बाकापाशी आले. बाक रिकामा.

बापूसोंनी आजूबाजूचे सगळे बाक धुंडाळले. गोळी घेतलेली, पोटात अन्न नाही, आणि आता साक्षात इंद्रानं घास भरवला तरी ती तोंड उघडणार नाही. कुठं पडली असेल? 'आदिनाथा, माझ्या शहाणपणाची शिक्षा तिला नको रे,' ते मनात म्हणाले.

समोरच्या शिपायाला त्यांनी गाठलं. "ओ पावणं, इधर हमारी मंडळी बैठी थी की! हिरवी साडी! किधर गयी?"

शिपायानं शांतपणे रस्त्यापलीकडे बोट केलं. "अम्मा मंदिर गयी. बोली, आप आओ तो उधर भेज दूँ."

रिक्षा, हॉर्न, शिव्या, कशाकडेही न बघता बापूसोंनी रस्ता ओलांडला. लाल दगडाच्या जैन मंदिराच्या पायरीवर राजमती चार यात्रेकरू बायकांत बसली होती. ती कोल्हापुरी बोलत होती, त्या हिंदी, आणि गप्पा झकास चालल्या होत्या.

"अगं, जेवलीस?" त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

"व्हय की, पोटभर. सूर्य लाल व्हायला लागला तवाच उठलो. ह्या बायांनी पुरी-भाजी वाढली."

"पण मी सव्वासहा म्हणालतो की!"

"म्हणालतासा खरं. पण दिवस बुडाय लागलेला मला दिसत न्हवता व्हय?"

बापूसो तिच्याशेजारी मटकन बसले. तिनं त्यांच्या खांद्यावरची पिशवी ओढून दशमी काढली. "तुमचा कुठला नेम? खावा की आता."

त्यांनी घास घेतला आणि डोळे पुसले. चाळीस वर्षांत तिनं त्यांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आज ती त्यांना न विचारता, त्यांची वाट न बघता जेवून बसली होती, आणि बापूसोंना आयुष्यात एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.