रतीब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या शुगरपासून कॉलेजातल्या कॉप्यांपर्यंत सगळं ठाऊक आहे. मग तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. बसा जरा.

एक परदेशी रॉक गायक आहे, स्वतःची गाणी स्वतःच लिहिणारा. नाव राहू दे. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो, तो चाळिशीत होता तेव्हापासून, त्या घोगऱ्या आवाजापायी. त्याच्या कॅसेटी रत्नागिरीत आणायचा नासिर, मिरकरवाड्यातला माझा दोस्त. जहाजावर होता तो. कॅसेट त्याची, मत माझं. मी इंग्रजीत बी. ए., म्हणून शब्दांचा अर्थ मी सांगायचा आणि अल्बम चांगला की टाकाऊ हेही मीच ठरवायचं. पहिला म्हणजे नुसता संताप, तिसरा सोनं, लग्नानंतरचे दोन गुळमट. मांडवीच्या जेटीवर बसून मी निकाल द्यायचो, नासिर मान डोलवायचा. खरं सांगू? त्या मानेची मला चटक लागली होती.

पुढे वय झालं. नासिरच्या किडन्या गेल्या, जहाजावरची नोकरी सुटली, डायलिसिस मागे लागलं. त्याला स्कूटरवरून नेणं-आणणं माझ्याकडे. एका सकाळी त्याचा फोन.

"सुन्या, म्हाताऱ्याचा नवा अल्बम आलाय. काय गायलाय रे! काल मशीनवर पडून आयकला, येळ कसा गेला कळलाच नाय. तू आयकलास?"

मी ऐकला नव्हता. आलाय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं मत माझ्या आधी आलं होतं — बस, एवढंच. यात झोंबण्यासारखं काय होतं? पण झोंबलं. म्हणालो, "ऐकला की. म्हातारा आता रतीब घालतोय. तेच ते."

तो म्हणाला, "असंल. तुला जास्त कळतं."

आमच्याकडे नारळसुद्धा कानाशी हलवल्याशिवाय घेत नाहीत.

पुढच्या खेपेपासून त्याच्या कानात इयरफोन नसायचे. मशीनवरून उठला की म्हणायचा, आज येळ जाता जाय ना. मला कारण कळत नव्हतं — की मी कळू देत नव्हतो?

शेवटी एकदा त्याची वाट पाहताना बाहेरच्या बाकावर बसून मी तो अल्बम ऐकला. म्हाताऱ्याचा आवाज पार फाटलेला. एकच चाल, थोडी थोडी बदलून, प्रत्येक गाण्यात परत येते — आजाऱ्याला रोज भेटायला येणाऱ्या माणसासारखी. रतीबच होता तो. आणि आजवरच्या सगळ्यांत उजवा होता. मला रडू आलं. नासिर बाहेर आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "डोळे का रे लाल?"

"धूळ गेली," मी म्हणालो, आणि स्कूटर सुरू केली.

तेव्हा सांगता आलं असतं. परत ऐक रे, मी न ऐकताच बोललो होतो — किती वेळ लागला असता? पण मग त्याला आधीच्या सगळ्या निकालांचीही शंका आली असती. ती डोलणारी मान थांबली असती. माझ्या मित्राचा वेळ जात नव्हता, आणि मी माझा मान सांभाळत बसलो होतो.

शेवटी तो घरातच असायचा. मी रोज संध्याकाळी जायचो. मला पाहिलं की हसून म्हणायचा, "आला माझा रतीब." टोमणा नव्हता तो. त्याला तो शब्द आवडला होता, आणि त्या शब्दाने मी रोज आतून चरकायचो. तरीही बोललो नाही.

तो गेला. दफनाच्या दिवशी चारचौघे म्हणाले, सुन्याने नासिरला भावासारखं सांभाळलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

काही दिवसांनी त्याच्या बायकोने, नजमाभाभींनी, त्याचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "यात त्यांची गाणी आहेत. ती तुम्हालाच कळायची."

म्हाताऱ्याचे सगळे अल्बम होते, ओळीने. तो एक नव्हता. नासिरने काढून टाकला होता, माझ्या शब्दाला मान देऊन.