व्हर्नाचा गुरुवार

व्हर्ना पेट्रास आमची शेजारीण. सव्वीस वर्षं आमच्या दोन अंगणांत एकच कुंपण आहे. ओहायो नदीच्या काठावर चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता, तिथं ती बशांच्या काठाला सोनेरी रेघ काढायची. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातात कुंचला, आणि रेघ जिथून निघाली तिथं परत येऊन मिळेपर्यंत श्वास रोखून धरायचा. असं चौतीस वर्षं. रेघ केसभर हलली तर तपासनिसाची नजर पडायच्या आधी हीच ती पुसून टाकायची. मजुरी नगावर होती, म्हणजे पुसलेली बशी हिच्याच अंगावर. बाकीच्या बायका हसायच्या. ती म्हणायची, "कुणीतरी त्या बशीत रोज जेवणार आहे. वाकडी रेघ कशाला बघत बसायची त्यांनी?"

२००३ च्या मार्चात कारखान्याला कुलूप लागलं. व्हर्ना तेव्हा एकसष्ट वर्षांची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी अ‍ॅरिझोनात. तिचं एकच पालुपद, "आई, घर विक आणि इकडं ये. मागची खोली तुला देते." त्या खोलीचं नाव काढलं तरी व्हर्नाचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा व्हायचा. पेन्शन सुरू व्हायला दहा महिने होते. तोवर राज्याचा बेकारी भत्ता मिळत राहिला तर घर टिकणार होतं, नाहीतर ती मागची खोली ठरलेली.

भत्त्यासाठी दर रविवारी एका नंबरवर फोन करायचा. पलीकडे माणूस नसतं, यंत्र बोलतं. ते एकेक प्रश्न विचारतं. 'हो' म्हणायचं असेल तर एक दाबायचं, 'नाही'ला नऊ. काम शोधलंत का? कुणी देऊ केलेलं काम नाकारलंत का? आणि या आठवड्यात असा एखादा दिवस होता का, की काम मिळालं असतं तरी तुम्ही जाऊ शकला नसता?

तिसऱ्या आठवड्यात व्हर्नाच्या धाकट्या बहिणीचा, ओल्गाचा, नवरा मायलो गेला. गुरुवारी माती होती. त्यांच्यात मातीहून परतलेल्यांचं जेवण चर्चमधल्या बायकाच रांधतात. व्हर्ना पहाटेपासून चर्चच्या तळघरात कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळत होती. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी तिनं त्याही दिवशी आठवणीनं बटाट्याच्या पिरोही, त्यांच्या उकडलेल्या करंज्या, वेगळ्या ठेवल्या होत्या. मग ती दफनभूमीत ओल्गाचा हात धरून उभी राहिली आणि परत येऊन साठ माणसांना वाढलं. रविवारी यंत्रानं तो तिसरा प्रश्न विचारला. तिनं क्षणभर विचार केला आणि एक दाबलं.

आठवड्याभरात पत्र आलं. 'आपण कामासाठी उपलब्ध नव्हता. भत्ता थांबवण्यात आला आहे. दहा दिवसांत फोनवरून खुलासा करावा, अन्यथा अर्ज बंद करण्यात येईल.'

तिनं ते कुंपणावरून माझ्या हातात दिलं.

"एक कशाला दाबलंस तू?" मी विचारलं.

"मी त्या दिवशी कामावर जाऊ शकले असते का?"

"नाही."

"मग?"



आता फोनचा प्रकार सांगते. सकाळी आठला लाइन सुरू व्हायची. फोन लागला की गोड आवाजात यायचं, 'आमचे सर्व प्रतिनिधी इतर नागरिकांच्या सेवेत आहेत. कृपया नंतर प्रयत्न करा.' आणि खट्‌कन बंद. थांबून राहायचीसुद्धा सोय नाही. व्हर्ना सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत नंबर फिरवत बसायची. बोट दुखायला लागलं तेव्हा पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबायला लागली. मी माझ्या घरून तिच्यासाठी प्रयत्न करायची. देवापुढं दिवा लावून बसले तरी कानात तेच 'कृपया नंतर'. मला त्या गोड आवाजाची शिसारी यायला लागली. शिव्या देणारा माणूस बरा, निदान तो समोर तरी असतो.

सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी मी तिला गाडीत घातलं आणि चाळीस मैलांवरच्या रोजगार केंद्रात घेऊन गेले. भिंतीवर चित्र होतं, सूर्य उगवतोय आणि खाली 'आम्ही तुमच्यासाठीच आहोत'. टेबलामागच्या बाईनं पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अर्जांचं इथं काही होत नाही. फोन करावा लागेल."

"सहा दिवस करतेय," व्हर्ना म्हणाली.

"तिकडं भिंतीला फोन आहे, तो वापरा."

"त्यावरून वेगळा नंबर लागतो का?"

"नाही, नंबर तोच."

त्या फोनपुढं अकरा माणसांची रांग होती. रिसीव्हर तेलकट, खाली कुणीतरी चघळलेलं च्युइंगगम चिकटवलेलं. एकेकजण यायचा, तो लाळेचा वास येणारा रिसीव्हर कानाला लावायचा, तेच गोड वाक्य ऐकायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा.  

रांगेत रूडी भेटला. कारखान्यात भट्टीवर होता.

"व्हर्ना, तुझं काय अडलं?"

तिनं सांगितलं. रूडी इतका हसला की रांगेतले चारजण वळून बघायला लागले.

"अगं बाई, ते यंत्र आहे, तुझी मावशी नाही घरची खबरबात सांगायला. पहिल्या प्रश्नाला एक, पुढं सगळ्याला नऊ. माझी सासूसुद्धा झोपेत दाबेल."

"प्रश्न ऐकायचाच नाही?"

"ऐकून कुणाचं भलं झालंय?" तो म्हणाला. "मी गेल्या महिन्यात पाठ धरून चार दिवस अंथरुणात होतो. नऊ दाबलं आणि चेक मंजूर."

"मग तू इथं कशाला?"

"माझा पत्ता चुकलाय त्यांच्याकडे. तो मी खरा सांगितला होता," रूडी म्हणाला आणि पुन्हा हसला. या वेळी एकटाच.

नवव्या दिवशी दुपारी फोन लागला. आम्ही व्हर्नाच्या स्वयंपाकघरात होतो. ओल्गा बटाटे सोलत होती. मायलो गेल्यापासून रिकामं घर तिला खायला उठायचं, म्हणून ती दिवसभर इथंच असायची. व्हर्नाला नीट ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला.

पलीकडची बाई म्हणाली, "लोरेन बोलतेय. बोला, मॅडम."

व्हर्नानं सगळं सांगितलं. माती, चर्च, साठ माणसं. लोरेननं मध्ये तोडलं नाही. एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं.

"मॅडम, माझ्यापुढं दोनच पर्याय आहेत. एक, 'उपलब्ध नव्हते'. तो निवडला तर प्रकरण सुनावणीला जाईल, आठ-दहा आठवडे लागतील, तोवर भत्ता बंद. दुसरा, 'बटण चुकून दाबलं'. तो निवडला तर मंगळवारी पैसे."

"चुकून नाही दाबलं मी."

"मला कळतंय हो. आईशपथ कळतंय. पण तिसरा पर्याय नाही."

मी व्हर्नाला खुणावलं, हो म्हण. खोटं काय सांगू, मीच आधी खुणावलं. दहा आठवड्यांत घर गेलं असतं.

व्हर्नानं पत्राची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग व्हर्ना म्हणाली, "बरं. लिहा, चुकून."

"तसं नाही चालत, मॅडम. रेकॉर्डिंग होतं. तुमच्या तोंडून पूर्ण वाक्य लागेल. तारीख घेऊन सांगा, की त्या दिवशी तुम्ही दिवसभर घरी होता आणि कामाला मोकळ्या होता."

ओल्गाच्या हातातली सुरी थांबली. व्हर्ना तिच्याकडे बघेना. ओट्याकडे तोंड करून तिनं शाळेतल्या मुलीसारखं एका दमात म्हटलं, "दहा एप्रिल, गुरुवारी मी दिवसभर घरी होते. कुठंही गेले नव्हते. कामाला मोकळी होते."

"छान. झालं तुमचं काम. दिवस आनंदात जावो."

ओल्गानं अर्धा सोललेला बटाटा पाण्यात टाकला, हात पुसले, कोट घेतला आणि दार ओढून निघून गेली. दार आपटलंही नाही. व्हर्नानं दोनदा हाक मारली.

फोन अजून चालू होता. यंत्राचा गोड आवाज परत आला होता. 'आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? अजिबात नसाल तर एक दाबा, पूर्ण समाधानी असाल तर पाच.'

"ठेव खाली," मी म्हटलं. "नाहीतर एक दाब त्यांच्या नावानं."

व्हर्नानं प्रश्न पूर्ण ऐकला. मग पाच दाबलं आणि फोन ठेवला.

"पाच?" मी म्हटलं.

"भत्ता पुन्हा बंद केला तर?" ती म्हणाली, आणि नळ सोडून साबणानं हात धुवायला लागली.