राखून ठेवलेली लहर

आकाशातही जागा असते आणि ती नीट वाटून द्यावी लागते, यावर माझ्या मावशीच्या यजमानांइतका गाढ विश्वास असलेला माणूस अख्ख्या काशीत सापडायचा नाही. काकांची सारी नोकरी सरकारी खात्यात रेडिओच्या फ्रीक्वेन्सी वाटण्यात गेली. देशभराच्या केंद्राला कोणती, गावापुरत्या केंद्राला कोणती, आणि एकाचा आवाज दुसऱ्यात घुसू नये म्हणून मध्ये अंतर किती. निवृत्त होऊन रामघाटावर परतले तरी वाटप थांबलं नाही. आमच्याकडची प्रत्येक पंगत तेच बसवतात. मोठ्या आवाजाची दोन माणसं शेजारी नकोत, मध्ये किमान तीन अबोल हवेत. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना उठवून थेट जिन्यापाशी बसवलं. "नाराज नका होऊ," म्हणाले, "तुमची पावर ज्यादा आहे."

अशा या काकांनी एक फ्रीक्वेन्सी मनाशी राखून ठेवली होती. रामघाटावर छोटंसं केंद्र निघेल, मावशी तिथे मराठीत पोथी वाचेल आणि भोसले घाटापर्यंत घराघरांत ती ऐकू जाईल, हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न. रोज संध्याकाळी ते रेडिओचा काटा त्या जागेवर आणत आणि डोळे मिटून नुसती खरखर ऐकत. "काही लागलंय का?" मी विचारायचो. "अजून कोई नाही. जागा खाली आहे," ते समाधानानं सांगत. घाटावरच्या एखाद्या पाठशाळेच्या नावानं केंद्रासाठी अर्ज तरी करा, म्हणून मी मागे लागलो, तर म्हणाले, "वाढणाऱ्यानं आपलं पान आधी मांडायचं नसतं. दुसरं कुणी मागेल रे." आमच्या घरांत वाढणारे खरंच शेवटी जेवतात. पण ती जागा आहे, हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्या खरखरीच्या जागी गाणं लागलं. नव्या वाटपात ती फ्रीक्वेन्सी कुठल्याशा मोठ्या केंद्राला गेली होती. मला फार वाईट वाटलं. काकांनी मान कलती करून अख्खं गाणं ऐकलं. "एकदम साफ येतंय," ते म्हणाले आणि त्यांनी रेडिओ बंद केला. हात मात्र बराच वेळ बटणावरच राहिला.

हल्ली संध्याकाळी मावशी खिडकीत बसून पोथी वाचते आणि काका घाटाच्या पायऱ्या उतरतात. थोड्या थोड्या पायऱ्यांवर थांबून वर बघतात आणि ऐकू येतंय हे तिला कळावं म्हणून हात उंचावतात. परवा मीही त्यांच्याबरोबर उतरलो, अगदी खाली, रामनगरच्या नावा लागतात तिथपर्यंत. पाणी पायरीला हलकेच लागत होतं. मावशीचे ओठ हलताना दिसत होते, पण मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. काकांनी वर बघितलं आणि हात उंचावला.