कुडपण नावाचा कॉम्प्युटर

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही बसलेला नाही. मी हायस्कूलला गणित शिकवते. या सदरातले अनुभव मी पेपर तपासल्यासारखे वाचते — लिहिणाऱ्याने कुठली पायरी गाळली ते शोधत. माझ्या अनुभवात गाळलेली पायरी कुणाला सापडली तर जरूर कळवा. मला ती हवी आहे.

२००८ सालची दिवाळीची सुट्टी. महाडला आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. दुसरा मजला... दरवर्षी पुरानंतर घरातला गाळ काढून कंटाळलो, म्हणून वर घेतलेली जागा. माझा धाकटा भाऊ निलेश आदल्या वर्षी मार्चमध्ये गेला. कावीळ झाली, मुंबईला नेलं, नवव्या दिवशी सगळं संपलं. एकोणतीस वर्षांचा होता. मी रडले नाही. धीराची वगैरे मुळीच नाही मी, फक्त बधिर झाले होते. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तशी. दीड वर्ष झालं तरी ते उतरत नव्हतं. शाळा, पेपर, स्वयंपाक सगळं व्यवस्थित चाललं होतं.

निलेशचा पोलादपूरला कॉम्प्युटर क्लास होता. घरच्या कॉम्प्युटरचं नाव त्याने KUDPAN ठेवलं होतं. कुडपण हे आईचं माहेर, पोलादपूरच्या वर डोंगरात. "याच्यातही पोचायला फार वेळ लागतो, म्हणून कुडपण," असं म्हणून तो आईला चिडवायचा. जुन्या घरात असताना तो कॉम्प्युटर पुरात बुडाला. निलेशनेच हार्डडिस्क काढून मोडून टाकली आणि रिकामा डबा भंगारात दिला. मी समोर उभी होते.

लॅपटॉप मी घेतला तो निलेश गेल्यावर. शाळेतले पेन ड्राइव्ह लावून लावून त्यात व्हायरस भरले, तेव्हा आमच्या कॉम्प्युटरच्या पाटणकर सरांनी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून दिलं आणि हातात एक सीडी ठेवली. "मॅडम, एका कुलपावर भागत नाही. कडी, कुलूप, वरून साखळी." सोबत कागदावर क्रम लिहून दिला होता. आधी अँटिव्हायरस, मग स्पायवेअर काढणारं, मग फायरवॉल, शेवटी रोजच्या कामासाठी वेगळं साधं अकाउंट. खाली लाल पेनाने — इंटरनेटची वायर सर्वात शेवटी जोडा. माहीत नसेल ते Block करा.

दुपारी तीनच्या सुमारास मी टेबलाशी बसले. आई खाली फरशीवर बसून मोड आलेले कडवे वाल सोलत होती. पहिली दोन सॉफ्टवेअर निमूट बसली. फायरवॉल टाकून लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि कोपऱ्यात चौकट आली. KUDPAN नावाचा कॉम्प्युटर तुमच्या कॉम्प्युटरशी जोडला जाऊ पाहतोय. Allow की Block?

मी नाव वाचलं आणि Block दाबलं. वाचलं नव्हतं असं म्हणता येणार नाही, नीट वाचलं होतं. काही वाटलं नाही. मग वायरकडे पाहिलं... ती गुंडाळी करून टेबलाच्या टोकाला पडली होती. वायरलेसचं बटण बंद होतं.

दहा मिनिटांनी पुन्हा तीच चौकट. या वेळी तोंडातून निघून गेलं, "कुडपण."

"कुडपनचा काय गो?" आईने विचारलं.

तिला समजेल असं सांगितलं. बाहेरून कोणीतरी विचारतंय आत येऊ का, आणि नाव कुडपण सांगतंय. बोलता बोलता बोटाने Block दाबलंसुद्धा.

आईचे हात थांबले. "निल्याचा होता तो?"

"त्याच नावाचा."

"ओ दिलीस?"

"नाही."

"कितींदा हाक मारलीन?"

"दोनदा."

"बरं केलंस," आई म्हणाली. "आमच्या कुडपनात तिसऱ्या हाकेबिगर कोन ओ देत नाय. भुताखेतांना तिसरी हाक मारता येत नाय गो. आपला मानूस असंल तर तिसरी मारतोच. आता आली तर दे."

मग आम्ही दोघी बसून राहिलो. दिवेलागण झाली. तिसरी चौकट आली नाही. "नव्हता तो," आई म्हणाली, सालं सुपात भरली आणि आत जाऊन कुकर लावला. कितीतरी दिवसांनी ती हलकी वाटली.

सुट्टीनंतर पाटणकर सरांना लॅपटॉप दाखवला. फायरवॉलच्या नोंदीत दोन ओळी होत्या, दोन्हींपुढे Blocked. "वायर होती का?" "नव्हती." सरांनी तीन-चार वेळा खालीवर करून पाहिलं. हे नाव या मशीनमध्ये यायला वाटच नाही, असं म्हणाले. मग म्हणाले, "काढून पुन्हा टाकू या." मी नको म्हटलं.

आता आईला न सांगितलेली गोष्ट लिहिते. ती हे सदर वाचत नाही. निलेश गेला त्या सकाळी मी दहावीच्या परीक्षेला सुपरव्हिजनवर होते. भरारी पथक आलं होतं, आणि मोबाइल चोरून पदराखाली ठेवला होता. हॉस्पिटलमधून निलेशचा फोन आला, मी कापला. थोड्या वेळाने पुन्हा आला, तोही कापला. तिसरा आला नाही. पेपर गोळा करून मी फोन लावला, तेव्हा मामेभावाने उचलला.

म्हणजे आईचा नियम चुकीचा आहे. माणूसही दोनदाच हाक मारतो. हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? तिच्या जिवाला तेवढाच आधार आहे. चौकट आली त्या रात्री मोरीत नळ सोडून मी पहिल्यांदा रडले.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. फायरवॉल चालू आहे, सरांच्या कागदाप्रमाणे सगळ्या अनोळखी नावांना बंदी आहे. फक्त एका नावापुढे मी Block काढून Allow केलंय. त्याला आता विचारावं लागणार नाही.