बांधीत कोंडलेली बाई

"तोंडावरचा मास्क काढ वो. करोना कवाचा गेला, तू काहून नाटक करून राहिली?"

भर बांधीत, धानाच्या भरल्या वाफ्यात, सगळ्या बायांसमोर. असं बोलणारी मालकीणबाई शेताच्या कडेला धुऱ्यावर छत्रीखाली, आम्ही चिखलात. बाया हसल्या. मी मास्क काढला नाही.

दुसऱ्या लाटेत मला करोना झाला. तापातून उठले, पण दम काही परत आला नाही. विहिरीवरून पाण्याचा गुंड भरून आणला की दिवसभर अंथरूण धरायचं. रिपोर्ट चांगले. नवरा म्हणाला, "तुह्या डोक्यातच बिमारी आहे." नागपूरच्या एका डॉक्टरणीने मात्र सांगितलं की हा लाँग कोविड आहे, जिवापलीकडे काम करू नका, गर्दीत जपा, पुन्हा झाला तर आणखी खचाल. जपायचं म्हणजे किती, ते तिनं सांगितलं नाही. शेजारीण शिंकली तरी मी दार लावून घेते. लग्नाला जात नाही, तेरवीला जात नाही. आजार कुठे संपतो आणि भीती कुठे सुरू होते, मलाच कळत नाही. म्हणून बाया हसल्या तेव्हा वाटलं, खरंच नाटक तर नसेल आपलं?

रोवणीत, म्हणजे भाताची लावणी करताना, आम्ही ओळीनं वाकून मागं सरकत जातो. एखादी रेंगाळली तर बाकीच्या तिच्या चारी बाजूंनी धान रोवतात आणि तिला मध्येच कोंडतात. नव्या सुनेची अशी थट्टा होते. मग दोघीचौघी हात लावतात, तिची जागा रोवून देतात, रोपांच्या ओळींमधून वाट देऊन तिला सोडवतात. त्या दिवशी श्वास पुरेना म्हणून मी उभी राहिले. रांग मला सोडून मागं सरकत गेली.

मालकीणबाई म्हणाली, "कोंडा तिले. अन् कोणी सोडवाले जाऊ नका. एकटीनं रोवल्याशिवाय भायेर नाही यायचं."

कोंडायला पहिला हात वच्छलाबाईनं लावला. रोवणीच्या बायांची टोळी तीच जमवते. माझ्या बाळंतपणात तिनं मला न्हाऊ घातलं होतं. तिनं वर पाहिलं नाही.

बाया भाकर खायला धुऱ्यावर गेल्या. मी उन्हात, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंढी. वाकले. डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा वाकले. मास्क ओला होऊन नाकाला चिकटला. आणि तेव्हा मला कळलं की हे नाटक नाही. मी मेले असते तरी त्या धुऱ्यावरून कोणी उठलं नसतं. भयंकर राग आला. मालकिणीचा आला, वच्छलाचा आला, इतकी वर्षं स्वतःवरच संशय घेतला त्याचा सगळ्यात जास्त आला.

रोवलेल्या धानावर पाय देणं आमच्यात पाप. मी पेंढी खाली टाकली आणि त्या कोवळ्या धानावरून सरळ चालत बाहेर आले.

"आता या गावात तुले कोण रोवणीले बोलावते, पायतोच मी," मालकीणबाई म्हणाली.

कोणी बोलावलं नाही. त्या हंगामात नाही, पुढच्यातही नाही. नवरा आता धड बोलत नाही. दुसरं काम या अंगाला झेपत नाही. दम तसाच आहे. बरी होईन असं मी आता कोणाला सांगत नाही, कारण मलाच ते खरं वाटत नाही.

यंदा वच्छलाबाई दारात आली. आत आली नाही. "मालकीण घ्याले तयार हाये. मास्क काढ अन् एकडाव माफी माग. तुयाच पोटाचं पाय."

मी म्हटलं, "मास्क लावीन. दम लागला का बसीन. जमत असन तर सांग."

ती गेली. डब्यात तांदूळ थोडा आहे. तो संपेल. त्यानंतर काय, मला माहीत नाही. पण मी जिवंत असेपर्यंत माझ्या श्वासाची माफी कोणाकडे मागणार नाही.